पाणी उडायच्या आत

[दृश्य: खिडकीतून येणारं उन्ह. पॅलेटवर निळ्या रंगाचा एक गोळा.]

मे महिना. पुण्यातली दुपारची दोनची वेळ. हा अल्ट्रामरीन मी आत्ता, तुमच्यासमोर ट्यूबमधून काढला. कॅमेरा त्याच्यावरून हलवू नका. बघा, कडेला साय धरायला लागली. दुधावर धरते तशीच. अजून थोड्या वेळाने त्यात ब्रश बुडवला तर गुठळ्या निघतील.

ॲक्रिलिक शिकायला आलेला प्रत्येक जण इथेच वैतागतो. म्हणतो, रंग फार लवकर वाळतो. मला वाटतं, तो का वाळतो हे एकदा नीट कळलं की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

या ट्यूबमध्ये रंगद्रव्य आहे, पाणी आहे आणि त्या पाण्यात तरंगणारे ॲक्रिलिकचे, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचे, अतिसूक्ष्म कण आहेत. पाणी उडून जातं, तसे हे कण जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा एकसंध पापुद्रा होतो. रंगद्रव्य त्यात अडकून बसतं. मग वरून कितीही पाणी ओता, तो पुन्हा विरघळत नाही. तैलरंगाचं तसं नाही. त्यातलं तेल हवेशी हळूहळू संयोग पावत घट्ट होतं, त्याला दिवस लागतात. इथे सगळा खेळ पाण्याचा.

[दृश्य: हात एका चपट्या डब्यात ओला नॅपकिन पसरतात.]

म्हणून पहिलं काम म्हणजे पंखा बंद करायचा. घामाच्या धारा लागल्या तरी चालेल. दुसरं हे. स्वयंपाकघरातला चपटा, झाकणाचा डबा घ्यायचा. तळाशी कापडी नॅपकिन चौपदरी घालून भिजवायचा. पाणी वर तरंगता कामा नये. त्यावर बेकिंगचा पार्चमेंट पेपर अंथरायचा आणि रंग त्या कागदावर काढायचे. खालचा ओलावा कागदातून झिरपत राहतो. झाकण लावून ठेवलं तर सकाळी काढलेले रंग संध्याकाळीही लोण्यासारखे मऊ असतात. बाजारात असे तयार पॅलेट मिळतात, पण मी आजवर हाच डबा वापरत आलेय.

आता एक गोष्ट अगदी जवळून दाखवते.

[दृश्य: कागदावर एकाच आकाशी रंगाचे दोन पट्टे, एक वाळलेला, एक ओला.]

दोन्ही पट्टे एकाच गोळ्यातले आहेत. डावा वाळलाय आणि तो गडद दिसतोय. ओल्या रंगातलं ॲक्रिलिक दुधाळ असतं, वाळलं की पारदर्शक होतं. तो दुधाळपणा गेला की रंग एक पायरी खाली उतरतो. चेहऱ्याचा किंवा आकाशाचा रंग जुळवताना फसगत होते ती यामुळेच. कागदाच्या तुकड्यावर एक फटकारा मारा, हेअर ड्रायरने वाळवा आणि मगच कॅनव्हासकडे वळा. आणि असा रंग नेहमी लागेल त्याहून जास्त कालवा. उरला तर घट्ट झाकणाच्या डबीत राहतो. संपला तर तोच रंग पुन्हा जमवताना जीव जातो.

पाणी किती घालायचं? हात आखडता ठेवा. पाणी फार झालं तर कण इतके विखुरतात की पापुद्रा धड जमत नाही आणि वाळलेला रंगही ओल्या बोटाला लागतो. पातळ, पारदर्शक थर हवा असेल तर पाण्याऐवजी ॲक्रिलिक मीडियम, म्हणजे रंगद्रव्य नसलेलं ॲक्रिलिक, मिसळा. थंडीचंही भान हवं. जानेवारीत निफाडला पारा दहाच्या खाली जातो. अशा गारठ्यात कण एकजीव होत नाहीत, थर ठिसूळ राहतो. खोली उबदार असेल तेव्हाच रंगवा.

वाळला की विरघळत नाही, हा गुण मात्र सोन्यासारखा आहे. कापडावर वारली काढणाऱ्यांना विचारा. गेरूच्या रंगाची जमीन पोस्टर कलरने केली, तर वरून पांढरी रेघ ओढताना खालचा रंग उठतो आणि पांढरा गुलाबी होतो. तीच जमीन ॲक्रिलिकने करून पूर्ण वाळू दिली, तर रेघ स्वच्छ पांढरी उमटते.

ब्रशच्या बाबतीत हाच गुण वैरी होतो. केस जिथे पत्र्याच्या नळीत शिरतात तिथे रंग वाळला की केस फाकतात आणि तो ब्रश गेलाच म्हणून समजा. काम चालू असताना ब्रश पाण्यात आडवा ठेवा, केसांवर उभा करू नका. काम संपलं की आधी चिंधीने रंग पुसा, मग साबणाने धुवा. गढूळ पाणी मोरीत ओतू नका. बादलीत ठेवलं तर गाळ तळाशी बसतो. तो वाळवून कचऱ्यात टाकता येतो.

[दृश्य: भिंतीला टेकवलेला जुना कॅनव्हास. आकाशात तांबडा डाग.]

हा डाग माझ्या हातून झालाय. बऱ्याच वर्षांपूर्वी दोन कॅनव्हास तोंडाला तोंड लावून गाडीत ठेवले आणि नाशिकला निघाले. तेव्हाही मे महिनाच होता. वाटेत जेवायला थांबलो, गाडी उन्हात होती. नाशिकला पोचून कॅनव्हास वेगळे करायला गेले तर चर्रकन आवाज झाला. एका चित्रातल्या गुलमोहराचा लाल दुसऱ्याच्या आकाशात उतरला होता. रंग पूर्ण वाळलेले होते. चित्रं होऊन महिना झाला होता. पण ॲक्रिलिकचा थर उष्णतेने मऊ पडतो आणि दाब मिळाला की चिकटतो. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

आता मी चित्रं उभी ठेवते, दोन चित्रांत बोटभर फट राखून. गाडीतून न्यायचीच झाली तर मध्ये कागद घालते. वर्तमानपत्र नाही, त्याची शाई उतरते. हाच, डब्यातला पार्चमेंट पेपर. त्याला रंग चिकटत नाही.

[दृश्य: हात कॅनव्हासवर कागद पसरून कडा दुमडतात.]