तंबू कुठला, चाची?

[दृश्य : मीनाचे तंबू, उंचावरून]

मक्केजवळचं हे मीना. एरवी ओसाड. हजच्या पाच-सहा दिवसांत मात्र इथे लाखो माणसं मुक्कामाला असतात. सगळे तंबू पांढरे, टोकदार, एकसारखे. 1997च्या आगीत 300हून अधिक हाजी गेले, त्यानंतर हे न जळणारे तंबू आले.

[दृश्य : जमरातहून परतणारी गर्दी]

जिल्हज म्हणजे हजचा महिना, त्याची 10 तारीख. जमरातला सैतानाला खडे मारून परतताना कितीतरी हाजी वाट चुकतात. त्यात त्यांची चूक नसते. चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून तिथली वाट एकेरी ठेवली आहे. गेलात त्या रस्त्याने परतता येत नाही, बाहेर पडता ते भलतीकडेच. 2024च्या जूनमध्ये मक्केत पारा 51.8 अंशांवर गेला होता. अशा उन्हात तासभर भटकणं म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर बेततं.

[दृश्य : जॅकेट घातलेले स्वयंसेवक, हातात नकाशे]

हे सौदीत नोकरी करणारे भारतीय. कोणी ड्रायव्हर, कोणी दुकानात, कोणी इस्पितळात. ईदच्या सुट्टीत घरी आराम करायचा सोडून इथे उभे राहतात. केरळ मुस्लिम कल्चरल सेंटरचे लोक यात वर्षानुवर्षं आहेत.

नकाशा उघडण्याआधी भाषा जुळावी लागते. हाजी म्हटला की उर्दू बोलणारच, असं आपण उगाच धरून चालतो. मलप्पुरमच्या आजीला मल्याळमच येतं, मुर्शिदाबादच्या आजोबांना बांगला. आणि आपली रत्नागिरीची चाची? ती घाबरली की शिकलेली उर्दू विसरते, घरच्या बोलीत रडायला लागते.

म्हणून 'तंबू कुठला?' हे नंतर. आधी 'कुठले तुम्ही?' तेही उर्दूत, मल्याळममध्ये, तमिळमध्ये, बांगलात, एकामागून एक. कुठल्यातरी शब्दाला चेहरा हलतो. मग ती भाषा येणाऱ्याला हाक मारायची, नाहीतर त्याला फोन लावून हाजीच्या कानाला द्यायचा. 2018पासून भारतातल्या बायका मेहरमशिवायही, म्हणजे नवरा, बाप, भाऊ असा जवळचा पुरुष सोबत नसतानाही, हजला जातात. 2023मध्ये अशा 4,000हून अधिक होत्या. त्यांच्याशी बोलायला बाईच असली की बरं पडतं.

[दृश्य : मोठं पातेलं, वाफ]

मल्याळी स्वयंसेवक मीनात तांदळाची कंजी वाटतात. कोकणातल्या माणसाला ती नवी नाही. दोन घोट पोटात गेले की चाची म्हणते, "पेज!"

वाढणारा म्हणतो, "कंजी."

मग तो तिच्या मनगटावरचा पट्टा वाचू लागतो.