बिली बॉस्टन : युनियनकडून लीगकडे

रग्बीच्या दोन शाखा आहेत, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. म्हणून बिली बॉस्टन यांच्याकडे वळण्यापूर्वी थोडी पूर्वपीठिका सांगतो. सामन्यासाठी खाडा करावा लागणाऱ्या गिरणी व खाणकामगारांना बुडालेली मजुरी मिळावी, या मागणीवरून १८९५ साली उत्तर इंग्लंडमधील क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि मूळ संघटनेतून बाहेर पडले. त्यांच्यापासून तेरा खेळाडूंची रग्बी लीग घडली. पंधरा खेळाडूंची युनियन १९९५पर्यंत हौशीपणालाच धरून राहिली, आणि पैसे घेऊन लीगकडे गेलेल्या खेळाडूला तिचे दार कायमचे बंद होत असे.

बॉस्टन यांचा जन्म १९३४ साली वेल्समधील कार्डिफ बंदरालगतच्या टायगर बे वस्तीत झाला. वडील सिएरा लिओनचे खलाशी, आई आयरिश वंशाची, घरात अकरा भावंडे. कार्डिफ क्लबकडून आणि पुढे वेल्सकडून खेळावे, ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. नीथ या वेल्समधील युनियन क्लबने त्यांना खेळवले. पण स्वतःच्या शहरातल्या क्लबचे बोलावणे कधी आले नाही. त्यामागे वर्णभेद होता, असे मला वाटते. वेल्सच्या युनियन संघात कृष्णवर्णीय खेळाडू दिसायला १९८०चे दशक उजाडावे लागले.

१९५३च्या मार्चमध्ये, ते लष्करी सेवेत असताना, उत्तर इंग्लंडमधील विगन या लीग क्लबचे लोक त्यांच्या घरी आले आणि त्यांनी एक हजार पौंड देऊ केले. नकार मिळताच रक्कम दीड हजारावर गेली. मुलगा घर सोडून जाऊ नये असे वाटणाऱ्या आईने, पाहुणे एकदाचे उठावेत म्हणून, तीन हजार मागितले. पाहुण्यांनी ते तत्काळ मान्य केले! एकोणीसही पूर्ण न झालेल्या त्या मुलाची वेल्सची जर्सी त्या होकारासरशी कायमची हुकली.

लीगने मात्र त्यांना हात राखून स्वीकारले नाही. विगनच्या मुख्य संघातून जेमतेम सहा सामने झाले असतील, तोच १९५४च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यासाठी ब्रिटनच्या संघात त्यांची निवड झाली, आणि १८ सामन्यांत ३६ ट्राय (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे जमिनीवर टेकवणे) करून त्यांनी त्या दौऱ्याचा विक्रम केला. विगनसाठी ४८८ सामन्यांत ४७८ ट्राय, म्हणजे जवळपास प्रत्येक सामन्यामागे एक, हे सातत्य मला त्यांच्या सर्व गौरवांहून मोठे वाटते. ते केवळ वेगावर विसंबणारे विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारे खेळाडू, नव्हते. अंगाने भरलेले असल्यामुळे मैदानाच्या कडेच्या रेषेलगत अडवायला आलेल्या बचावपटूला ते सरळ धडकून आडवा करीत.

लीगमध्येही वर्णभेदाने पाठ सोडली नाही. १९५७च्या विश्वचषकानंतर परतीच्या वाटेवर ब्रिटिश संघ दक्षिण आफ्रिकेत प्रदर्शनीय सामने खेळायला गेला, आणि तिथल्या वर्णभेदी राजवटीमुळे बॉस्टन यांना संघापासून वेगळे होऊन घरी परतावे लागले. सहकाऱ्याला वगळून संघाने तो दौरा स्वीकारला, हे मला आजही अक्षम्य वाटते.

कार्डिफने २०२३ साली त्यांचा पुतळा उभारला, गस रिस्मन आणि क्लाइव्ह सलिव्हन या लीग खेळाडूंसोबत; तिघेही कार्डिफचे आणि तिघेही उत्तर इंग्लंडला जाऊन मोठे झालेले. २०२५ साली त्यांना नाइटहूड मिळाले. रग्बी लीगच्या खेळाडूला तो किताब मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.