शांतता राखा, कवितेचा तास सोडून

(पडदा काळा. आधी फक्त आवाज: किल्ल्यांचा जुडगा, कुलूप, मग लोखंडी कपाटाचं करकरणारं दार.)

हे दार गेली कित्येक वर्षं असंच वाजतं. तेल घातलं की चार दिवस गप्प बसतं, पाचव्या दिवशी पुन्हा सुरू. ग्रंथपाल मॅडम म्हणतात, "वाजू द्या. कपाट उघडलं हे पोरांना लांबूनच कळतं."

(दृश्य: केळीच्या बागांमधून जाणारा रस्ता, शाळेचं फाटक.)

जळगावहून एसटीनं तासाभरात पोचता येईल असं हे गाव. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी, पलीकडे कपाशीची काळी रानं, आणि गावात शिरता शिरता ही शाळा. नाव पडद्यावर देऊ नका, असं शाळेनंच सांगितलंय. नाव दिलं की पाहुणे येतात, पाहुणे आले की सत्कार होतात आणि सत्कारात तास बुडतो.

ग्रंथालय म्हणजे एक जुनी प्रयोगशाळा. प्रयोगशाळा नव्या इमारतीत गेली, ओटे मात्र इथेच राहिले. ओट्यातल्या सिंकमध्ये आता 'किशोर'चे जुने अंक रचून ठेवलेत. बालभारतीनं १४ नोव्हेंबर १९७१ ला सुरू केलेलं हे मासिक महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांचं पाठ्यपुस्तकाबाहेरचं पहिलं वाचन. सिंकमधल्या अंकांना नोंद लागत नाही. उचला, वाचा, परत टाका. त्यामुळे या खोलीत सगळ्यात फाटके अंक तेच, आणि मॅडमना त्याचं जराही वाईट वाटत नाही.

भिंतीवर पत्र्याची पाटी. लाल अक्षरं, थोडी उडालेली: 'शांतता राखा'. या पाटीकडे आपण परत येणार आहोत.

(दृश्य: दाखल नोंदवही जवळून. पानं उलटणारं बोट.)

ही दाखल नोंदवही. शाळेत आलेलं प्रत्येक पुस्तक आधी इथे उतरतं, मगच कपाटात जातं. दाखल क्रमांक, तारीख, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, पानं, किंमत आणि शेवटी शेरा. वाचायचा तर शेऱ्याचा रकाना वाचावा. 'वाळवी.' 'गहाळ.' 'पावसात भिजले.' एका ठिकाणी नुसतंच 'उंदीर'. एक शब्द, पण सगळी हकीकत आली.

कवितांच्या कपाटावर आकडा चिकटवलाय: ८९१.४६१. अमेरिकेत मेल्विल ड्यूईनं १८७६ साली मांडलेल्या दशांश वर्गीकरणातला हा मराठी कवितेचा पत्ता. आठशेत साहित्य, ८९१.४६ वर मराठी, आणि शेवटचा एक म्हणजे कविता. त्या पद्धतीत इंग्रजी साहित्याला ८२० चा अख्खा वाडा मिळालाय आणि मराठी दशांशचिन्हापलीकडच्या खोलीत भाड्यानं राहते. हे मी जरा रागानं म्हणतोय. मुलांना त्याचं काही नाही. ती या कपाटाला सरळ 'चारशे एकसष्ट' म्हणतात. "मॅडम, चारशे एकसष्ट उघडा ना."

(क्षणभर शांतता. रिकामी खोली.)

माझ्या शाळेतही कपाट होतं. हेडसरांच्या खोलीत, काचेच्या दारांचं, आत पुस्तकं रांगेत. सर बाहेर गेले की आम्ही काचेला नाक लावून नावं वाचायचो. दहा वर्षांत नावं पाठ झाली, पुस्तक एकही हाती आलं नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी कपाट उघडायचं, शिपाईमामा फडक्यानं धूळ झटकायचे, आणि साहेब जाताच पुन्हा कुलूप. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टीची पुस्तकं हवीत. किल्ली कोणाच्या खिशात हवी, ते मात्र लिहायचं राहिलं.

इथे किल्ली सातवी ब च्या मुलींकडे असते. आठवड्याची पाळी असते, फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेली.

(ध्वनी: शाळेची घंटा. बाकं सरकतात.)

गुरुवार. शेवटचा तास. पाळीवरची मुलगी स्टुलावर चढते आणि 'शांतता राखा'ची पाटी उलटी फिरवते. मागची बाजू कोरी, नुसता गंजका पत्रा. तास सुरू.

या तासाचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण मोडले की आरडाओरडा होतो. कविता दोनदा वाचायची, दोन वेगळ्या आवाजांत. अर्थ आधी विचारायचा नाही. आणि 'कवी म्हणतो की' असं वाक्य कुणी सुरू केलं, तर सगळ्यांनी टेबल वाजवायचं. रसग्रहण, संदर्भासह स्पष्टीकरण, कवीला काय म्हणायचे आहे ते तुमच्या शब्दांत लिहा, हे सगळं तीन भिंती पलीकडे. परीक्षेला ते लागतंच. मॅडम स्वतः मराठी शिकवतात, पेपरही तपासतात. त्या म्हणतात, "वर्गात मीच विचारते अर्थ. म्हणून इथे नाही विचारत."

आज आठवीतला एक मुलगा उभा राहिलाय. पुस्तक धरलेल्या हाताच्या बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. सकाळी वडिलांबरोबर बागेत होता. हे डाग साबणानं जात नाहीत.

(ध्वनी: मुलाचा आवाज, भरभर.)

"ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन, निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन..."

तो पळतोय. पाठांतराची चाल लागलीये, श्वास कुठे घ्यायचा ते त्यानं ठरवलेलंच नाही. आठ ओळींची कविता पंधरा सेकंदांत संपते. मग दुसरा आवाज. मागच्या बाकावरची मुलगी, सावकाश. ती 'पायवाट पांढरी' पाशी थांबते. खिडकीबाहेर बघते. बाहेर खरंच एक पायवाट आहे, बागेतून नदीकडे जाणारी, आणि उन्हात ती पांढरीच दिसते. कॅमेरा तिकडे वळवायला आम्हाला उशीर झाला. तो क्षण आमच्याकडे नाही.

"पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर."

आता गलका. 'असला' म्हणजे कसला? मराठीचे समीक्षक या एका झाडावरून कितीतरी वर्षं भांडत आलेत. कुणाला त्यात विरक्ती दिसली, कुणाला उदासी, कुणी म्हणालं की हे नुसतं चित्र आहे, चित्रासारखं बघा. आठवी अ चं मत वेगळं. एक म्हणतो, "तो मासे धरून राह्यला." दुसरी म्हणते, "पाय भाजले असतील त्याचे." जळगावचा मे महिना ज्यांनी काढलाय, पारा पंचेचाळिसाच्या वर गेलेला ज्यांनी अनवाणी सोसलाय, त्यांना हे उत्तर हसण्यावारी नेता येणार नाही. मॅडमनी नेलं नाही. त्यांनी फळ्यावर दोन्ही उत्तरं लिहून ठेवली.

(दृश्य: रेल्वेचे रूळ, दुपार. दूरवरून मालगाडी.)

ही कविता लिहिणारा माणूस इथलाच. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १३ ऑगस्ट १८९०, गाव धरणगाव. १९०७ साली जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. मोठमोठ्या पगड्यांच्या त्या सभेत सोळा-सतरा वर्षांचा हा पोरगा उभा राहिला आणि त्यानं आपली कविता म्हणून दाखवली. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं, आणि ठोंबरे हे आडनाव मागे पडलं. विचार करा, त्या दिवशी त्यानं कागद नुसता कुणाच्या हातात दिला असता तर? तो म्हणाला, म्हणून ऐकला गेला.

५ मे १९१८ ला जळगाव–भुसावळ मार्गावरच्या भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय सत्तावीस. हे सांगितलं की ग्रंथालयात पहिल्यांदाच खरोखरची शांतता होते, पाटी उलटी असूनही.

(दृश्य: कपाशीचं रान. वाऱ्यावर बोंडं.)

जळगाव शहराला लागूनच आसोदे. तिथे १८८० साली बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं सहसा कुणी सांगत नाही. मुलगा सोपानदेव यांनी सांगितलेली आठवण अशी: त्यांनी शाळेच्या पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखवली. आईनं रात्रीतून तिचं गाणं केलं. सोपानदेव चकित झाले आणि त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

म्हणजे बघा, पाठ्यपुस्तक. तेच, ज्याला आपण कव्हर घालतो आणि वर्ष संपलं की रद्दीत देतो. ते एका घरात मोठ्यानं वाचलं गेलं.

१९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. आचार्य अत्र्यांच्या पाठिंब्यानं १९५२ मध्ये त्यांच्या गाण्यांचं पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

(ध्वनी: वर्ग. मॅडमचा आवाज.)

"मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर..."

पुण्या-मुंबईच्या वर्गात 'वढाय' ला तळटीप लागते. ओढाळ, हाकललं तरी पुन्हा पिकात शिरणारं. इथे पाचवीतलं एक पोरगं उभं राहिलं.

"मॅडम, आमची एक म्हैस हाये वढाय. कितीबी हाना, मक्यातच जाते."

"मग मन कसं असतं रे?"

तो थोडा थांबला. "म्हशीवानी."

तळटीपेचं काम झालं. आणखी एक घडलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. हा मुलगा एरवी वर्गात तोंड उघडत नाही. तो बोलला की 'अशुद्ध' म्हणून हसतात. त्या दिवशी त्याच्या घरातला शब्द छापील पुस्तकात निघाला, आणि अर्थ विचारायला बाकीच्यांना त्याच्याकडेच यावं लागलं. मधल्या सुट्टीत तो चारशे एकसष्टपाशी उभा होता, पानं उलटत. वाचत होता असं नाही. घरातले आणखी शब्द सापडतात का, ते बघत होता.

(दृश्य: ग्रंथदिंडी, लेझीम, पालखी. जुनं मोबाइलवरचं चित्रण.)

२७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. १५ ऑक्टोबर, डॉ. कलामांचा जन्मदिवस, वाचन प्रेरणा दिन. दोन्ही दिवशी या शाळेतही पालखी निघते, पुस्तकं सजतात, फोटो वर पाठवले जातात. वाईट काही नाही त्यात. लेझीम मलाही आवडतं. पण पालखीत बसलेलं पुस्तक कुणाला उघडता येत नाही, आणि मॅडमना दिंडीपेक्षा गुरुवार जवळचा. गुरुवारी फोटो नसतो.

(दृश्य: संध्याकाळ. अंगण, नीम, बाज.)

पाळीवाली ती मुलगी, स्टुलावर चढणारी, बहिणाबाईंचं पुस्तक घरी घेऊन गेली. तिची मोठी माय, म्हणजे आजी, अंगठेबहाद्दर. नातीनं बाजेवर बसून आखाजीचं गाणं वाचलं. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. खान्देशात सासुरवाशिणींचा माहेरचा सण, झोक्याचा सण. म्हातारीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, हे बरं आहे, आता माझं लिही. आणि सुरू झाली. भाऊ न्यायला आला नाही त्या वर्षीची ओवी, जात्यावरची.

एक झाली, मग दुसरी. दुसऱ्या दिवशी शेजारची आजी येऊन बसली.

ओव्या गोळा करायचं मोठं काम याआधी झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. सातवी ब ला ते माहीत नव्हतं. त्यांना फक्त पुढच्या गुरुवारी वाचायला काहीतरी हवं होतं. तीन महिन्यांत दोनशे पानी वही भरली. चौदा घरांतलं अक्षर, निळी शाई, काळी शाई, कुठे पेन्सिल. एका पानावर तेलाचा गोल डाग आहे. भाकरी करता करता सांगितलेली ओवी असणार.

(दृश्य: टेबल. नोंदवही उघडी. शिक्का, शाईची गादी.)

आज वही कपाटात जायची आहे. पण दाखल नोंदवहीत उतरल्याशिवाय कपाटात काही जात नाही, नियम म्हणजे नियम. मॅडम पेन उघडतात. दाखल क्रमांक पुढचाच. तारीख आजची. लेखक? मुली एकमेकींकडे बघतात. एक हळूच म्हणते, "सगळ्या मोठ्या माया." मॅडम तसंच लिहितात. प्रकाशकाच्या रकान्यात 'सातवी ब'. किंमत, आडवी रेघ. वर्गांक ८९१.४६१.

शेऱ्याचा रकाना त्या रिकामा सोडतात.

(ध्वनी: शिक्का उमटल्याचा ठप्प. मग कपाटाचं दार, करकर.)