परतीचं पाकीट

मंडळी, आज एक पाकीट सोबत आणलंय. यावर नाव माझं, पत्ता माझा, अक्षरही माझंच. कोपऱ्यातलं तिकीटसुद्धा मीच लावलेलं. या पाकिटाची मी चौदा महिने वाट पाहिली.

अमेरिकेत निवृत्त बेसबॉल खेळाडूंच्या सह्या टपालाने जमवण्याचा छंद जुना आहे. छंदातली माणसं त्याला ‘थ्रू द मेल’ म्हणतात. एक पत्र, त्या खेळाडूचा फोटो छापलेली एक-दोन कार्डं आणि आपला पत्ता घालून तिकीट लावलेलं परतीचं पाकीट, एवढंच पाठवायचं. तिकीट मात्र ‘फॉरेव्हर’ लावायचं. तिथल्या टपालखात्याने ते २००७ साली काढलं. पुढे दर कितीही वाढले तरी ते चालतं. उत्तर आठ दिवसांत येईल की तीन वर्षांनी, हे कुणाच्याच हातात नसतं, म्हणून हे तिकीट आमच्या फार उपयोगाचं.

कार्डाचीही तयारी करावी लागते. चकचकीत कार्डावर शाई धरत नाही, तिचे थेंब गोळा होतात. मी चिमूटभर बेबी पावडर टाकून मऊ फडक्याने हलक्या हाताने चोळतो आणि पुसून घेतो. सहीसाठी निळा शार्पी, म्हणजे पक्क्या शाईचा मार्कर, उत्तम. काळी शाई गडद फोटोत हरवून जाते. बॉलवर मात्र शार्पी नको, कातड्यात शाई पसरते. तिथे साधं बॉलपेनच बरं.

सहीबद्दल बोलायचं तर हार्मन किलब्रू यांचं नाव घ्यायलाच हवं. ५७३ होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, मारणारा हा माणूस. त्यांची सही शाळेच्या पुस्तकातल्यासारखी, अक्षर न् अक्षर वाचता येणारी. मिनेसोटा ट्विन्स या संघाच्या टोरी हंटरसारख्या तरुण खेळाडूंनाही ते बजावायचे की सही अशी करा, की घेणाऱ्याला तुमचं नाव वाचता आलं पाहिजे. बॉब फेलर यांनी तर इतक्या सह्या दिल्या, की त्यांची सही कधी महाग झालीच नाही. १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला होताच हा गोलंदाज, म्हणजे तिथला पिचर, नौदलात गेला आणि ऐन भरातले हंगाम युद्धात घालवून आला. त्यांची सही स्वस्तात मिळते, हा मला त्यांचा मोठेपणा वाटतो.

पण माझा जीव अडकलाय तो नामवंतांत नव्हे, एखाद-दुसरा हंगाम खेळलेल्यांत. १९८० च्या आधी मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च स्पर्धेत, खेळाडूला पेन्शनसाठी चार वर्षांची सेवा लागायची. मग नियम बदलला आणि ४३ दिवस पुरेसे ठरले, पण तो बदल जुन्यांना लागू झाला नाही. तीन वर्षं खेळलेला माणूसही रिकाम्या हाताने राहिला. २०११ मध्ये त्यांना दरवर्षी काही रक्कम द्यायचं ठरलं खरं, पण खेळाडू गेल्यावर ती पत्नीला मिळेल अशी सोय त्यात नव्हती. मला हा अन्याय वाटतो आणि तो बोलून दाखवावासा वाटतो.

अशाच एका पिचरला मी लिहिलं होतं. नाव सांगत नाही, तो त्यांचा खाजगीपणा आहे. सुरुवातीला मी सगळ्यांना एकच छापील पत्र पाठवायचो आणि बरीच पाकिटं परत यायचीच नाहीत. यावेळी जुन्या वर्तमानपत्रातून त्यांचा एक सामना शोधला, नीट वाचला आणि हाताने लिहिलं, की आठव्या डावात तुम्ही वेगवान चेंडूवर तिसरा गडी बाद केलात, ते वाचून आनंद झाला.

चौदा महिन्यांनी हे पाकीट आलं. कार्डावर सही होती, ‘आर’ची शेपटी थरथरत खाली गेलेली. सोबत माझंच पत्र परत. ‘वेगवान चेंडू’ या शब्दांवर काट मारून वर लिहिलं होतं ‘कर्व्ह’, म्हणजे वळणारा चेंडू. आणि मागच्या कोऱ्या बाजूला चार ओळी: नातीला आजोबा तिथे खेळल्याचं खरं वाटत नाही, ते कात्रण मिळेल का?

त्याच संध्याकाळी कात्रणाच्या दोन प्रती काढल्या. त्या पाकिटात कार्ड घातलं नाही. परतीचं पाकीटही नाही.