इंजिन बंद कसं करणार, आधी ते सांगा

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत. पत्रिकेत विषय छापलाय 'उडत्या मॉडेलचं इंजिन रिमोटने बंद करणे', आणि तो वाचून एकाने मला फोन केला की यात तासभर बोलायचंय काय, स्विच दाबायचा. अहो, स्विच नाहीये हो!

म्हणजे पूर्वी होता. १९३०-४० च्या काळात मॉडेलच्या इंजिनाला स्पार्क प्लग, सोबत कॉइल, कंडेन्सर, बॅटरी असा सगळा संसार विमानातच. जड होतं, पण टायमरने बॅटरी तोडली की इंजिन गप. मग १९४७ ला अमेरिकेत रे आर्डेन यांनी ग्लो प्लग आणला. प्लॅटिनमची तार, सुरू करताना दीड व्होल्ट द्यायचे, सुरू झालं की बॅटरी काढायची, पुढे इंधनातलं मिथेनॉल आणि प्लॅटिनमचं आपापसात जमतं, वर कॉम्प्रेशनची उष्णता, तार लालच राहते. विमान हलकं झालं, सगळे खूश. पण बंद करायची सोयही त्या बॅटरीबरोबर गेली, हे कुणी बोलत नाही. आता हवा तरी तोडा नाहीतर इंधन, तिसरा मार्ग नाही.

आता एका काकांची गोष्ट, नाव नाही सांगत, समोरच बसलेत. (हसू नका.) ४६ साइजच्या (०.४६ घनइंच) इंजिनाचं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, फुल थ्रॉटलवर टेकऑफ झकास, आणि वर गेल्यावर थ्रॉटलच्या पुशरॉडचं, म्हणजे सर्व्हो या छोट्या मोटरपासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या दांडीचं, क्लेव्हिस (टोकाची चिमटी) निसटलं. काका रिमोटची काडी खाली ओढतायत, सर्व्हो इमानदारीत फिरतोय आणि इंजिन आपलं कोकलतंय. रडर, एलिव्हेटर शाबूत, म्हणजे विमान हातात आहे, पण त्या वेगात उतरवणार कसं? मग सल्ले सुरू. एक म्हणाला रिमोटच बंद करा. जुना सेट तो, इंजिन चालूच राहिलं असतं आणि विमान कुणाचंच नसतं. दुसरा म्हणे उलटं उडवा, इंधन थांबेल. अरे बाबा, टाकीत क्लंक असतो, वजन लावलेली नळी, विमान उलटलं की तीही उलटते. तिसऱ्याने शिवकर तळपदे काढले, १८९५ ला चौपाटीवर विमान उडवल्याचं सांगतात ते, तो विषय निघाला की आमच्याकडे रात्र होते म्हणून त्याला गप्प बसवलं. काकांनी केलं ते बरोबर केलं, विमान उंच नेलं, वारा येतो त्या बाजूला ठेवलं आणि मोठे गोल मारत बसले, टाकी संपेपर्यंत. फुलवर दहा-बारा मिनिटं लागतात, मान मोडते माणसाची. मग इंजिन थांबलं, काकांनी ग्लाइड करत उतरवलं, टाळ्या झाल्या. आणि त्या क्लेव्हिसवर सिलिकॉन नळीचा चिमुकला तुकडा चढवला असता तर यातलं काही झालंच नसतं, पण टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांनी घरी जाऊन स्वतःचं क्लेव्हिस बघितलं? हं.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं? बरं, मुख्य विषय आता पळतच घेतो.

काडी खाली आणि ट्रिम (काडीशेजारचं बारीक फरकाचं बटण) मध्ये म्हणजे आयडल, इंजिन अगदी हळू चालू, ट्रिम तळाला नेलं की बॅरल, म्हणजे कार्ब्युरेटरमधली हवेची वाट, पूर्ण मिटलं पाहिजे, फट राहिली तर इंजिन बंद होणार नाही. कॉम्प्युटर रेडिओ (सेटिंग बदलता येणारा रिमोट) असेल तर थ्रॉटल कट, म्हणजे थ्रॉटल पूर्ण मिटवायची आज्ञा, वेगळ्या स्विचला द्या, फ्लॅपच्या शेजारी नको. पण हे सगळं त्याच एका पुशरॉडवर लटकतंय, म्हणून माझा हट्ट असा की मोठ्या मॉडेलमध्ये इंधनाची नळी दाबणारा दुसरा सर्व्हो असावाच, स्वतंत्र चॅनेलवर. पेट्रोल इंजिनवाले सुखी, त्यांच्याकडे अजून स्पार्क आहे, इग्निशनची बॅटरी ऑप्टिकल किल स्विचने तोडायची, मधे फक्त प्रकाश, त्यामुळे स्पार्कची खरखर तारेतून रिसिव्हरकडे जात नाही.

फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेला की रिसिव्हरने आपणहून काय करायचं ते. काही रिसिव्हर सिग्नल गेला की शेवटची पोझिशन धरून बसतात, म्हणजे फुलवर गेला तर फुलवरच! बरेचजण आयडलवर समाधान मानतात, मी पूर्ण बंद करतो, आयडलचा प्रॉपही बोटं कापतो. मॉडेल घट्ट बांधा, इंजिन चालू, ट्रान्समीटर बंद करा आणि बघा काय होतं ते. इलेक्ट्रिकवाल्यांनी हसू नये, शर्टाची बाही काडीला लागून टेबलावर प्रॉप फिरलेला सगळ्यांनी बघितलाय, थ्रॉटल कट तुम्हालाही हवाच.

आणि सराव. भरपूर उंचीवर, धावपट्टीच्या जवळ, मुद्दाम इंजिन बंद करून डेडस्टिक उतरवा. नाक थोडं खाली, वेग राखा, आणि पोचत नाहीये वाटलं तर ओढून ताणून आणू नका, गवतात उतरवा. झालं, माइक घ्या.