बोटभर उंचीचे परदेशी

हस्तिदंतात कोरलेला हा डच माणूस, म्हणजे कमरपट्ट्याशी वापरायचं एक जपानी नेत्सुके, जेमतेम बोटभर उंचीचा आहे. रुंद काठाची टोपी, कुरळे केस, भलं मोठं नाक आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेला कोंबडा. आता त्याच्या कोटाकडे पाहा. गळ्यापासून खालपर्यंत बटणांची रांग आहे आणि जपानी कारागिराने एकेक बटण वेगळं कोरलंय. किमोनोला बटणं नसतात. त्याला त्यांचं केवढं नवल वाटलं असेल!

किमोनोला खिसेही नसत. तंबाखूची पिशवी, औषधाची डबी दोरीने कमरपट्ट्याला लटकवायची. दोरी निसटू नये म्हणून तिच्या वरच्या टोकाला ओवायचं ते हे नेत्सुके. पाठीवरची दोन भोकं त्यासाठीच. कपड्यात अडकू नये म्हणून हात, कोंबडा, टोपी सगळं अंगासरशी कोरलेलं. हस्तिदंत जपानचा नव्हेच, तो चिनी आणि डच जहाजांतून यायचा. शामिसेन हे तीन तारांचं जपानी वाद्य वाजवायच्या नख्या कापून उरलेले लांबट तुकडेही कारागीर वाया जाऊ देत नसत. उभा माणूस त्यात नेमका बसायचा.

1641 पासून दोन शतकांहून अधिक काळ जपानमध्ये व्यापाराची मुभा असलेले युरोपीय म्हणजे फक्त डच. तेही नागासाकीजवळच्या देजिमा या छोट्या कृत्रिम बेटावर, पहाऱ्यात. शोगुनला, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाला, नजराणे द्यायला त्यांचा प्रमुख एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला जायचा, तेव्हा बघ्यांची झुंबड उडायची. जपानी चित्रकार होकुसाईच्या एका चित्रात डचांच्या मुक्कामाच्या खिडकीबाहेर लोक जमलेले दिसतात.

पण नेत्सुके कोरणारे बरेचसे ओसाका, क्योतो आणि एदोचे. त्यांच्यातल्या अनेकांनी डच माणूस पाहिला असेल तो चित्रांतच. म्हणून चेहरा कधी चिनी वळणाचा होतो आणि पोशाख सतराव्या शतकातलाच राहतो. तरी या कामात मला टिंगल दिसत नाही, दिसते ती बारकाईची हौस.

देजिमावर डचांनी आशियातून आणलेले नोकर आणि गुलामही राबत होते. सावळ्या वर्णाचे परदेशीही नेत्सुकेत आहेत, काही गडद लाकडातले, काहींच्या हाती पोवळ्याची फांदी. माझी नजर त्यांच्यावर जास्त रेंगाळते. डच व्यापाऱ्यांनी निदान रोजनिशा लिहून ठेवल्या. या माणसांना तीही सोय नव्हती.