शेतघरात दडलेलं चॅपल

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधलं डिअरहर्स्ट. शेजारून सेव्हर्न नदी वाहते. ती फुगली की शेतं ओलांडून पाणी गावाशी येतं. समोर दिसतंय ते जुनं शेतघर, लाकडी सांगाड्याचं. त्यालाच चिकटून ही उंच दगडी भिंत. कित्येक पिढ्या हिच्या आत चूल पेटली, भाकरतुकडा शिजला. आपण चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या ख्रिस्ती प्रार्थनाघरात राहतोय, हे घरातल्या कुणाच्या गावीही नव्हतं.

1675 साली जवळच्या फळबागेत एक शिलालेख सापडला. लॅटिनमधला. अर्ल म्हणजे बडा सरदार असलेल्या ओडाने आपला सख्खा भाऊ एल्फ्रिक याच्या आत्म्यासाठी ही 'राजवास्तू' बांधवून घेतली, पवित्र त्रैक्याला (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) अर्पण केली. एल्फ्रिकने याच ठिकाणी देह ठेवला. बिशप एल्ड्रेडच्या हस्ते अर्पणविधी झाला. तारीख 12 एप्रिल, इंग्लंडच्या एडवर्ड राजाचं चौदावं वर्ष, म्हणजे 1056.

एवढा नेमका पुरावा! पण वास्तू कुठे? गावात सेंट मेरीचं मोठं, पुरातन चर्च आहे. लेख त्याचाच, असं सगळ्यांनी धरून चाललं. त्यांना दोष कसा देणार? 'राजवास्तू' शब्द वाचून शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात कोण डोकावेल?

1865 मध्ये शेतघराची डागडुजी निघाली. गिलावा पडला आणि आतून दगडी खिडकी डोकावली. गावचे धर्मगुरू जॉर्ज बटरवर्थ यांनी ओळखलं, हे सॅक्सन काळाचं, म्हणजे नॉर्मन येण्याआधीच्या इंग्लंडमधलं बांधकाम आहे. पुढे इथेच त्रैक्याचं नाव कोरलेला वेदीचा दगडही मिळाला.

आत या. जेमतेम 25 फूट लांब, 16 फूट रुंद खोली. पलीकडे वेदीच्या दालनाकडे नेणारी कमान, किंचित घोड्याच्या नालेसारखी. खिडकी बघा: भिंतीच्या मध्यात अरुंद, आत-बाहेर दोन्हीकडे पसरत गेलेली. भिंत एवढी जाड, तरी उजेड आत यावा म्हणून केलेली ही युक्ती. हात लावला की दगड गार लागतो.

ज्या एल्ड्रेडने इथे मंत्र म्हटले, त्यानेच दहा वर्षांनी, 1066 च्या नाताळात, इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यमच्या डोक्यावर इंग्लंडचा मुकुट ठेवला.

ते दिवस पाहणं ओडाच्या नशिबी नव्हतं. चॅपल अर्पण करून पाच महिनेही झाले नाहीत, तोच 31 ऑगस्टला तोही गेला. शेवटी मठाची दीक्षा घेऊन, याच डिअरहर्स्टमध्ये. मूळ शिलालेख आता ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे, इथे त्याची प्रतिकृती. आणि दोघे भाऊ इथून दूर, पर्शोरच्या मठात पुरलेले.